मंत्रचळ आणि एका रसायनाची शंभर वर्षं

मंडळी, आपल्या मराठीत "मंत्रचळ" असा एक जुना शब्द आहे. चळ म्हणजे ढळणं, चळणं. मंत्र म्हणताना उच्चार चुकला की माणसाचं डोकं फिरतं, अशी जुन्या लोकांची समजूत. त्यातून हा शब्द आला आणि पुढे तो हात धूत बसणाऱ्या, कडी पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या, "शिवलं का रे तुला काही?" असं दहादा विचारणाऱ्या माणसालाही चिकटला. आजकालची मुलं त्याला "ओसीडी" म्हणतात. टापटीप ठेवणारा कुणीही दिसला की "मला ना, थोडं ओसीडी आहे" असं हसत सांगतात. खरा आजार ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना हसू येत नाही.

आमच्या लहानपणी माझी एक चुलत आत्या होती. विहिरीवरून स्वतः शेंदलेलं पाणी घरात आणताना वाटेत कुणाची सावली पडली अशी शंका आली, की घागर ओतून पुन्हा विहिरीवर. कधी कधी तर सकाळपासून दुपारपर्यंत हेच. घरातले म्हणायचे, "सोवळं कडक आहे हो तिचं." सोवळ्याच्या पांघरुणाखाली तिचा आजार उभा जन्म झाकला गेला. तिच्या हातांची सालं निघालेली मला आठवतात. ती स्वतः एकदा आईला म्हणाली होती, "मला कळतंय गं, काही लागलेलं नाही. पण मन ऐकत नाही." या आजाराचं सगळं मर्म त्या एका वाक्यात आहे. कळतं, पण वळत नाही.

असं का होतं, याचा शोध माणसानं कसा घेतला, त्यात "सेरोटोनिन" नावाच्या एका रसायनाला इतकं महत्त्व का आलं, आणि मग त्याच्या जनुकांच्या मागे शास्त्रज्ञ कसे लागले, हा इतिहास मला फार दिवस लिहायचा होता. मी काही विज्ञानाचा शिक्षक नव्हे, भाषा आणि इतिहास शिकवला. तेव्हा इतिहासाच्या अंगानंच सांगतो.

पाप, शंका आणि बुटातला खडा

युरोपात आधी हा आजार धर्मगुरूंच्या दारी गेला. आपल्या हातून पाप झालं, प्रार्थना नीट झाली नाही, या शंकेनं पछाडलेली माणसं त्यांच्याकडे यायची. या शंकांना त्यांनी दिलेलं नाव लॅटिनमधल्या "स्क्रुपुलस" या शब्दावरून आलं. त्याचा अर्थ लहानसा टोकदार खडा. बुटात शिरलेला खडा जसा पावलागणिक टोचतो, तशी ही शंका. जेरेमी टेलर या इंग्रज धर्मगुरूनं १६६० साली अशा माणसांविषयी लिहून ठेवलं आहे. म्हणजे शिवाजीमहाराज पन्हाळ्यावरून निसटले, त्याच वर्षी तिकडे हा विचार चालू होता!

मग वैद्य आले. १८३८ साली फ्रान्सच्या एस्किरोल या डॉक्टरनं आपल्या ग्रंथात "मादमोझेल एफ" नावाच्या ३४ वर्षांच्या बाईची हकिगत दिली. ती मावशीच्या घरून निघाली, की तिला शंका यायची : आपल्या खिशात त्यांचं काही आलं तर नाही ना? हिशेब लिहिताना भीती, की आकडा चुकून कुणाचं नुकसान होईल. पैसे हाताळले की बोटांना काही मोलाचं चिकटलं असेल म्हणून हात झटकत राहायची. आणि हे हास्यास्पद आहे, हे तिलाच ठाऊक होतं. एस्किरोलचं हे वर्णन वाचताना मला आमची आत्याच दिसते. देश वेगळा, काळ वेगळा. तिकडे पैसे आणि हिशेब, इकडे विहीर आणि सोवळं. आजार आपलं कापड स्थानिक बाजारातूनच घेतो.

१८७७ साली जर्मनीच्या वेस्टफालनं सांगितलं, की हा भावनेचा नव्हे तर विचाराचा विकार आहे. बुद्धी शाबूत असताना एखादा विचार माणसावर जबरदस्ती करतो. १९०९ साली फ्रॉईडनं एका तरुण वकिलाच्या उपचाराची प्रसिद्ध हकिगत लिहिली आणि त्याचं मूळ बालपणात, बापाविषयीच्या प्रेम-द्वेषाच्या ओढाताणीत शोधलं. पुढची कित्येक दशकं हा विचार चालला. परिणाम काय झाला? आजारी मुलाच्या आईबापांकडे बोट जाऊ लागलं. "लहानपणी फार शिस्त लावली असेल", "शी-शूच्या बाबतीत फार कडक असतील". आधी माणूस स्वतः पापी होता, आता आई दोषी झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आतड्यात, रक्तात आणि मग मेंदूत

आता दुसरा धागा. १९३० च्या दशकात इटलीमध्ये व्हित्तोरिओ एर्स्पामेर हा शास्त्रज्ञ आतड्याच्या आवरणातल्या काही पेशींचा अभ्यास करत होता. त्यांच्यातून निघणाऱ्या द्रव्यानं स्नायू आकसतो, हे त्यानं पाहिलं आणि त्या द्रव्याला "एंटेरामिन" म्हटलं. तिकडे अमेरिकेत क्लीव्हलंड येथे रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज हे तिघे रक्तदाबाच्या संशोधनात होते. रक्त गोठलं की त्याच्या निवळीत रक्तवाहिन्या आकसवणारं काहीतरी उतरतं, ते त्यांना वेगळं काढायचं होतं. कत्तलखान्यातून गुरांचं रक्त आणून, गाळून, आटवून १९४८ साली त्यांनी ते काढलं. रक्ताच्या निवळीला "सीरम" म्हणतात आणि वाहिन्यांना ताण देतं म्हणून "टॉनिक". दोन्ही मिळून सेरोटोनिन. पुढे १९५२ साली कळलं, की एंटेरामिन आणि सेरोटोनिन एकच. एकाच माणसाला माहेरी एक नाव आणि सासरी दुसरं, तसं!

हे द्रव्य मेंदूत असेल असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बेटी ट्वारॉग ही तरुण मुलगी शिंपल्यात राहणाऱ्या प्राण्याच्या स्नायूचा अभ्यास करत होती. घट्ट आकसलेला तो स्नायू सेरोटोनिननं सैल होतो, हे तिला दिसलं. मग हे द्रव्य इतर प्राण्यांच्या मज्जासंस्थेतही असायला हवं, असा तिनं कयास केला. पेज यांच्या प्रयोगशाळेत जाऊन तिनं शोध घेतला आणि १९५३ साली सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन असल्याचं प्रसिद्ध झालं.

इथे आपल्या मुंबईचा एक दुवा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होती. के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावर होणारा परिणाम नीट तपासून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. त्यानंतर जगाचं लक्ष सर्पगंधेकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून "रेसर्पिन" हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. रेसर्पिननं माणूस शांत होतो आणि काही जण फारच उदास होतात, असं डॉक्टरांना दिसत होतं. १९५५ साली अमेरिकेत ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की रेसर्पिननं मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. मनाचा आणि या रसायनाचा संबंध असा जुळला. त्या वाटेवर आपल्या परसातल्या मुळीचा वाटा आहे.

एक क्लोरीनचा अणू

१९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांना इमिप्रामिन हे उदासीनतेवरचं औषध सापडलं. त्याच्या रेणूला क्लोरीनचा एक अणू जोडून बाझेलच्या गायगी कंपनीनं क्लोमिप्रामिन तयार केलं. १९६७ साली स्पेनमधल्या फर्नांदेस-कोर्दोबा आणि लोपेझ-इबोर या डॉक्टरांनी लिहिलं, की या औषधानं मंत्रचळाच्या रुग्णांना उतार पडतो. तोपर्यंत या आजारावर औषध असं नव्हतंच.

क्लोमिप्रामिन करतं काय? मेंदूतल्या दोन पेशींच्या मध्ये बारीकशी फट असते. एक पेशी त्या फटीत सेरोटोनिन सोडते, दुसरीला निरोप मिळतो, आणि मग पहिली पेशी उरलेलं सेरोटोनिन परत आत ओढून घेते. हे ओढून घेण्याचं काम एक प्रथिन करतं. त्याला "वाहक" म्हणू. क्लोमिप्रामिन या वाहकाची वाट अडवतं.

पण हाच गुण उपयोगी पडतो, हे कसं ठरवणार? इथे शास्त्रज्ञांनी फार छान युक्ती केली. सेरोटोनिनऐवजी नॉरॲड्रेनॅलिन या दुसऱ्या रसायनावर काम करणारं, पण तशाच घराण्यातलं एक औषध होतं, डेसिप्रामिन. १९८९ साली अमेरिकेत या आजाराच्या मुलांवर दोन्ही औषधं आळीपाळीनं वापरून पाहिली. क्लोमिप्रामिननं गुण आला, डेसिप्रामिननं नाही. त्याआधी १९८७ मध्ये झोहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना सेरोटोनिनच्या ग्राहींना चेतवणारं एक द्रव्य दिलं, तर काही तासांपुरता त्यांचा मंत्रचळ वाढला. पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत होते. १९८९ मध्येच क्लोमिप्रामिनला अमेरिकेत या आजारासाठी परवानगी मिळाली. पाठोपाठ फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन ही नवी औषधं आली. औषध सोसलं आणि लागू पडलं अशा हजारो घरांत दिवे लागले.

आणि हो, एक गंमत. १९९९ साली इटलीतल्या मराझिती बाईंनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या २० जणांचं रक्त तपासलं. त्यांच्या रक्तबिंबिकांवर सेरोटोनिनचे वाहक मंत्रचळाच्या रुग्णांइतकेच कमी निघाले! दिवसरात्र एकच विचार, म्हणजे लक्षण तेच की. या संशोधनाला २००० साली विनोदी "इग नोबेल" पारितोषिकही मिळालं.

जनुकांचा पाठलाग

औषध वाहकावर काम करतं, तर बिघाडही वाहकातच असेल, हा तर्क कुणालाही सुचेल. आजार घराण्यात फिरतो, हे जुन्या डॉक्टरांनाही दिसलं होतंच. १९९३ साली वाहक बनवणारं माणसाचं जनुक हाती आलं. ते सतराव्या गुणसूत्रावर आहे, नाव एसएलसी६ए४. १९९६ साली जर्मनीच्या लेश आणि सहकाऱ्यांना त्या जनुकाच्या सुरुवातीला एक लांडा-लांब फरक दिसला. काही माणसांत तो तुकडा आखूड, काहींत लांब. लांब असेल तर वाहक जास्त तयार होतात. आखूड तुकड्याचा संबंध चिंताळू स्वभावाशी आहे, असं त्यांनी म्हटलं आणि जगभर धावपळ सुरू झाली.

मंत्रचळात मात्र उलट चित्र दिसलं. १९९८-९९ च्या सुमाराच्या काही अभ्यासांत लांब तुकडा रुग्णांमध्ये अधिक सापडला. २००३ मध्ये दोन कुटुंबांत याच जनुकातला एक दुर्मीळ बदल सापडला. प्रथिनातल्या ४२५ व्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं बसलेलं, आणि त्यामुळे वाहक जरा जास्तच जोरानं काम करणारा. २००६ मध्ये लांब तुकड्याच्या एका विशिष्ट प्रकाराची जोडी रुग्णांत सुमारे दुप्पट आढळल्याचं प्रसिद्ध झालं. सेरोटोनिनच्या ग्राहींची जनुकं तपासणारेही अनेक जण होते. कुणाला संबंध सापडे, कुणाला नाही. २०१३ साली स्टीव्हन टेलर यांनी ११३ अभ्यासांतल्या २३० जनुकीय फरकांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात सेरोटोनिनची दोन जनुकं टिकली : वाहकाचं आणि "२-ए" नावाच्या ग्राहीचं. पण त्यांचा परिणाम अगदी किरकोळ होता.

इथे माझ्यातल्या मास्तराला एक शंका येते, आणि तीच शंका संशोधकांनाही आली. वर्गातली चारच मुलं पाहून बोर्डाचा निकाल सांगता येत नाही. शे-दोनशे रुग्ण घ्यायचे, आपल्याला आवडलेलं एकच जनुक तपासायचं, यात योगायोगानं काहीही हाती लागू शकतं. दुसरं असं, की औषधानं उतार पडला म्हणजे आजाराचं कारण कळलं, असं नाही. हळदीचं दूध प्यायलं की खोकला बसतो, म्हणून हळद कमी पडल्यानं खोकला झाला असं कुणी म्हणत नाही. उदासीनतेच्या बाबतीत तर २०१९ मध्ये लाखो लोकांची माहिती तपासली, तेव्हा वर्षानुवर्षं गाजलेली १८ जनुकं इतर कुठल्याही जनुकांपेक्षा वेगळी ठरली नाहीत. त्यात वाहकाचं जनुकही होतं.

मग पद्धत बदलली. आवडीचं जनुक न निवडता सगळ्या गुणसूत्रांवर जाळं टाकायचं. मंत्रचळासाठी २०१३ मध्ये असा पहिला मोठा प्रयत्न झाला, सुमारे दीड हजार रुग्ण. २०१८ मध्ये दोन गटांनी माहिती एकत्र केली, २,६८८ रुग्ण. तरीही ठामपणे बोट ठेवावं असं काही मिळालं नाही. जाळं लहान पडत होतं. अखेर २०२५ साली नेचर जेनेटिक्समध्ये ५३,६६० रुग्ण आणि वीस लाखांहून अधिक इतर माणसं यांचा अभ्यास आला. त्यात ३० जागा सापडल्या. मेंदूच्या बाह्यकातल्या, हिप्पोकॅम्पसमधल्या आणि खोल भागातल्या स्ट्रायटमच्या चेतापेशींशी त्यांचा संबंध दिसतो. त्या यादीच्या अग्रभागी सेरोटोनिनची ती जुनी प्रसिद्ध जनुकं नाहीत. संशोधकांच्या अंदाजानं या आजाराचा जनुकीय भार हजारो बारीक फरकांत वाटलेला आहे, आणि त्यातला एकेक फरक तुमच्याआमच्यात, धडधाकट माणसांतही, सर्रास असतो.

मग सेरोटोनिन खोटं ठरलं का? नाही. औषधं आजही त्याच वाटेनं काम करतात आणि डॉक्टर तीच आधी देतात. मेंदूतल्या ज्या वर्तुळात "हात स्वच्छ झाले, आता पुरे" हा निरोप अडकतो, त्यावर सेरोटोनिनचा हात फिरतो. पण तो त्या घराचा एकटा मालक नाही, इतकंच.

दोष कुणाचा?

हे सगळं एवढं खोलात जाऊन वाचायला एक कारण घडलं. नात्यातली एक मुलगी, नाव-गाव सांगत नाही, या आजारासाठी गोळ्या घेते. चांगली शिकलेली, नोकरी करणारी. तिच्या लग्नाची बोलणी एका ठिकाणी मोडली. समोरच्यांना गोळ्यांचं कळलं आणि ते म्हणाले, "घराण्यातच आहे, जनुकात आहे, पुढच्या पिढीत उतरेल." तिनं मला फोनवर विचारलं, "आजोबा, मी मूल होऊ द्यायचं की नाही?" मी दोन मिनिटं गप्प होतो. म्हटलं, मला जरा वाचू दे.

तर आता हिशेब. अमेरिकेत नेस्टाट यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांच्या आईबाप, भावंडं, मुलं अशा जवळच्या नात्यांत आजाराचं प्रमाण ११.७ टक्के निघालं, इतरांच्या नातेवाइकांत २.७ टक्के. म्हणजे चौपट, हे खरं. पण पाटीवर दुसऱ्या बाजूनं लिहून पाहा : रुग्णाच्या जवळच्या शंभर नातेवाइकांपैकी ८८ जणांना आजार नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं, की मोठेपणी सुरू होणाऱ्या मंत्रचळात आनुवंशिकतेचा वाटा साधारण २७ ते ४७ टक्के, लहानपणी सुरू झाला तर ४५ ते ६५. उरलेलं आयुष्याचं. आणि कुठलीही रक्ततपासणी करून "याला होणार, त्याला नाही" असं आज सांगता येत नाही.

शिवाय आजार जडलाच तरी हात बांधलेले नाहीत. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी एक उपचार सुरू केला. जे टाळावंसं वाटतं त्याला हळूहळू सामोरं जायचं आणि नंतर हात धुण्याची ओढ आली तरी धुवायचे नाहीत. सोपा वाटतो, पण करणाऱ्याची कसोटी लागते. १९९२ मध्ये बॅक्स्टर यांनी मेंदूची चित्रं काढून दाखवलं, की औषधानं बरे झालेले आणि या सरावानं बरे झालेले, दोघांच्याही मेंदूत एकाच जागी सारखा बदल झाला होता. मला हे या साऱ्या इतिहासातलं सर्वांत धीर देणारं पान वाटतं. सराव हीसुद्धा मेंदूपर्यंत पोहोचणारी गोष्ट आहे. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्समध्ये या आजारासाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि मोठ्या शहरांत मानसोपचारतज्ज्ञ तर असतातच. एक लक्षात ठेवायचं, या आजारात गोळ्यांचा गुण दिसायला दोन-तीन महिनेही लागतात. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देणारे फार.

मी तिला हे सारं आकड्यांसकट लिहून पाठवलं. आणि आणखी एक गोष्ट लिहिली, ती इथेही लिहितो. या आजाराच्या इतिहासात प्रत्येक काळानं एक गुन्हेगार शोधला. कधी रुग्णाचं पाप, कधी आईची शिस्त, कधी एकच रसायन, कधी एकच जनुक. शास्त्र पुढे गेलं तसतसे हे गुन्हेगार एकेक करून सुटले. हजारो बारीक फरक, जे सगळ्यांच्याच घरात थोडे थोडे आहेत, त्यांचा दोष कुणाच्या माथी मारणार? ज्यांनी बोलणी मोडली, त्यांच्याही घराण्यात ते आहेत. फक्त त्यांनी मोजलेले नाहीत.

मुलीचं उत्तर आलं, दोन ओळींचं. "आजोबा, पुढच्या ठिकाणी मी गोळ्यांचं आधीच सांगणार आहे. आणि तुमचं पत्र सोबत नेणार आहे."

लेख फार लांबला. कुणाच्या घरात असं कुणी असेल, तर त्याला "मन घट्ट कर" एवढंच सांगून थांबू नका. डॉक्टरांकडे सोबत जा.